‘व्हिसा लागत नाही ना?’

रात्री २.१०

गजर वाजायच्या आधी डोळे उघडतात, ही ह्या नोकरीनं लावलेली सवय. देवनहळ्ळीच्या किल्ल्याजवळ एका गल्लीत, वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. खिडकी उघडून पाहिलं तर समोरच्या घराचा दिवा म्हणजे नुसता पिवळा डाग. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, त्यात हे धुकं. घरमालकांची द्राक्षबाग आहे, ते धुक्याला शिव्या घालतात. मीही घालते, माझं कारण वेगळं. आज विमानं उशिरा सुटणार, आणि माणसं चिडलेली असणार.

मी निपाणीची. विमानतळावर नोकरी म्हटलं की गावाकडं सगळ्यांना वाटतं, मी हवाई सुंदरी. आई दुरुस्ती करते, ‘नाही हो, ती पासपोर्ट तपासते.’ मग विचारणा होते, ‘म्हणजे इमिग्रेशनमध्ये?’ तेही नाही. इमिग्रेशनवाले सरकारचे, शिक्का त्यांच्या हातात. मी एका विमान कंपनीची पगारी माणूस. परदेशी निघालेला प्रवासी चेक-इनच्या काउंटरला पोचायच्या आधी, रांगेच्या तोंडाशी त्याचे कागद बघते. ज्या देशात तो निघालाय तो देश त्याला आत घेईल का, एवढंच मला सांगायचं असतं. मी स्वतः त्यातला एकही देश पाहिलेला नाही, पण तिथल्या दारात काय विचारतात ते झोपेतून उठवलं तरी सांगेन.

२.५०

कंपनीची गाडी. बल्लारी रस्त्यावर समोरच्या ट्रकचे मागचे दिवे धरून ड्रायव्हर गाडी हळूहळू काढतो. विमानतळाच्या वाटेवरचा केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा आज कमरेच्या वर गायब आहे. ह्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये बंगळूर वसवलं. शंभर वर्षांनी, १६३८ मध्ये त्यांच्या वंशजाकडून ते विजापूरकरांनी घेतलं आणि पुढं शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. देवनहळ्ळी तर टिपूचं जन्मगाव. किल्ल्यावर कुणीकुणी चाल केली त्याची यादी मोठी, १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेनं तो घेतला. पूर्वी इथं यायला फौज लागायची. आता इथून बाहेर जायला कागद लागतात.

३.१५

ब्रीफिंग. १२ सप्टेंबर २०२३ पासून सगळी परदेशी विमानं दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात. छताला बांबू, वरून लोंबणाऱ्या वेली. प्रवासी मान वर करून फोटो काढतात, आणि मग माझ्यासमोर आल्यावर पासपोर्ट कुठल्या खिशात आहे ते शोधतात.

आजच्या माझ्या पाळीत चार विमानं आहेत: माले, कोलंबो, सिंगापूर आणि बालीसाठी देनपसार. चारही ठिकाणं बेटांवरची. ड्यूटी मॅनेजर म्हणाले, ‘सुट्ट्यांचा सीझन आहे. निम्मे लोक पहिल्यांदा परदेशी निघालेत. कागद नीट बघा, ओरडू नका.’

माझ्याकडं येणारा दर दुसरा प्रवासी एकच वाक्य बोलतो. ते विचारत नाही, सांगतो. तरी शेवटी एक ‘ना’ लावतो: ‘व्हिसा लागत नाही ना?’ त्या ‘ना’मध्ये माझी सगळी नोकरी आहे. ह्या चार देशांपैकी प्रत्येकासाठी ह्या वाक्याचं उत्तर वेगळं आहे, आणि एकाचंही उत्तर ‘काहीच लागत नाही’ असं नाही.

विमान कंपनीला ह्यात कशाला पडायचं, असं लोक विचारतात. पलीकडच्या देशानं माणूस नाकारला तर त्याला परत आणायची जबाबदारी नेणाऱ्या कंपनीवर येते, वर दंड वेगळा. १९४४ च्या शिकागो कराराच्या नियमांत ही व्यवस्था आहे. आपल्या देशानंही २००० साली विमान कंपन्यांसाठी कायदा केला होता. कागद नसलेला माणूस भारतात आणला तर कंपनीला एक लाख रुपये दंड. आता त्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. म्हणून बेटाचा पहारेकरी बेटावर बसण्याआधी इथं देवनहळ्ळीत बसलेला असतो, आणि त्याचा पगार विमान कंपनी देते.

माझ्या टेबलावर एक स्क्रीन आणि त्यात ‘टायमॅटिक’. जगातल्या विमान कंपन्यांच्या संघटनेचा हा नियमांचा साठा. १९६३ मध्ये छापील पुस्तक म्हणून सुरू झाला. पासपोर्ट कुठला, जायचं कुठं, किती दिवस, हे टाकलं की काय लागतं ते तो सांगतो. मावसभावानं काय सांगितलं, व्हॉट्सॲपवर काय आलं, हे त्यात नसतं.

३.४५: माले

मालदीवचं उत्तर: व्हिसा लागतो, पण पोचल्यावर मिळतो आणि फुकट मिळतो. ‘व्हिसा फ्री’ ह्या दोन शब्दांनी सगळा घोटाळा केलाय. लोकांना वाटतं, फ्री म्हणजे मोकळीक. इथं फ्री म्हणजे पैसे नाहीत, एवढंच. परतीचं तिकीट दाखवा, हॉटेलचं पक्कं बुकिंग दाखवा, आणि उड्डाणाच्या आधी ९६ तासांच्या आत ‘इमुगा’ नावाचा ऑनलाइन फॉर्म भरून त्याचा क्यूआर कोड आणा. फॉर्मलाही पैसे नाहीत. तरी रांगेतले दहाबारा जण तो माझ्यासमोर उभं राहून, अंगठ्यानं भरत असतात.

पहिलंच जोडपं नवीन लग्नाचं. तिच्या कोपरापर्यंत मेंदी, हातात हिरवा चुडा. तिकिटावर तिचं नाव सासरच्या आडनावानं, पासपोर्ट माहेरच्या. मी मराठीत विचारलं तेव्हा दोघांना आधी बरं वाटलं आणि मग प्रश्न कळल्यावर वाटेनासं झालं.

‘लग्नाचा दाखला आहे ना ताई आमच्याकडे,’ तो म्हणाला.

दाखला खराच होता, वीस दिवसांपूर्वीचा. पण विमानात बसतो तो पासपोर्ट, लग्नाचा दाखला नव्हे. पासपोर्टच्या फोटोच्या पानाखाली दोन ओळी असतात, प्रत्येकीत ४४ खुणा, मधे मधे बाणाची टोकं. यंत्र त्या ओळी वाचतं. आधी आडनाव, मग दोन टोकं, मग नाव. तिथं माहेरचं आडनाव आहे तोवर जगाच्या दृष्टीनं ती माहेरचीच. त्यांना तिकीट काउंटरला पाठवलं. तिथं दाखला उपयोगी पडला, तिकिटावरचं आडनाव बदलून मिळालं. मग इमुगाचा फॉर्म पुन्हा नव्यानं. काउंटर बंद व्हायला अकरा मिनिटं असताना ते दोघं धापा टाकत आले. ती म्हणाली, ‘हनीमून माहेरच्या नावानंच होणार तर.’ तो हसला नाही. मी हसले.

आपल्या नावांची ही एक खास मराठी अडचण. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव: तीन मजली इमारत. मधला मजला कधी ‘नाव’ ह्या रकान्यात जातो, कधी तिकिटावर गळतो. त्याच्या उलट इथल्या पुष्कळ कानडी आणि तमिळ माणसांना आडनावच नसतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा. ऑनलाइन फॉर्म कोरा रकाना घेत नाही, मग कुणी बापाचं नाव तिथं घालतो, कुणी स्वतःचंच दोनदा. मराठी नावं सांडतात, इकडची नावं पुरत नाहीत.

त्यांच्यामागं एक मोठं कुटुंब. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि नऊवारी नेसलेल्या आजी. कागद चोख होते. मी पुढं जा म्हटलं तर आजी थांबल्या आणि पदराखालची पितळी डबी दाखवत म्हणाल्या, ‘बाई, हा हातातल्या पिशवीत ठेवू की मोठ्या बॅगेत टाकू?’

डबीत बाळकृष्ण. बोटाच्या पेराएवढा, रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा. खाली लाल मखमलीचा तुकडा, वर कालचं वाळलेलं तुळशीचं पान.

मालदीवच्या कस्टमच्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत दारू आहे, डुकराचं मांस आहे, आणि पूजेच्या मूर्तीही आहेत. सामान तपासणं माझं काम नाही. पण आजींनी विचारलं होतं, आणि मालेला कुणी परक्या माणसानं ती डबी त्यांच्या हातून काढून घेणं मला नको होतं. मी त्यांना सांगितलं.

आजी रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘मग ह्याच्या आंघोळीचं काय?’

सोडायला आलेला जावई तोवर हेब्बाळच्या दिशेनं निघाला होता. त्याला फोन करून परत बोलावलं. मुलगा डबी घेऊन दारापर्यंत गेला आणि आजींनी इथून फोनवर सूचना दिल्या: रोज पाणी, पाण्यात दुधाचा थेंब, साखरेचा नैवेद्य, आणि फ्रिजवर ठेवायचा नाही. व्हिसाची अट, फॉर्मची अट आणि आता ही. बाळकृष्णाला आठ दिवस बंगळूरला ठेवून आजी मालदीवला गेल्या.

५.१५: कोलंबो

श्रीलंकेचं उत्तर: व्हिसा म्हणत नाहीत, ईटीए म्हणतात. इलेक्ट्रॉनिक परवानगी. २०१२ च्या जानेवारीपासून ही पद्धत आहे. ऑनलाइन अर्ज, पासपोर्टचा नंबर. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने हवी.

ह्या देशाच्या बातम्यांनी आमचं डोकं जितकं खाल्लं तितकं कुणी नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात तिथल्या मंत्रिमंडळानं भारतासह सात देशांच्या पर्यटकांना प्रायोगिक म्हणून फी माफ केली. आपल्याकडं मथळे आले: ‘श्रीलंकेला व्हिसा नाही!’ फी माफ होती, अर्ज माफ नव्हता. पण मथळा वाचणारा माणूस दुसरी ओळ वाचत नाही, तो तिकीट काढतो. मग १७ एप्रिल २०२४ ला त्यांनी ईटीए बंद करून व्हिसाचं काम खासगी कंपन्यांच्या नव्या पोर्टलकडं दिलं. तिथं गदारोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, २ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं नवी पद्धत थांबवली आणि सप्टेंबरच्या शेवटी जुना ईटीए परत आला. त्या पाच-सहा महिन्यांत मी ड्यूटीवर आल्या आल्या पहिली गोष्ट काय करायची, तर काल रात्रीपासून श्रीलंकेनं काय बदललं ते बघायची.

आज बेळगाव-धारवाडकडचा बावीस जणांचा गट आहे, रामायण यात्रेचा. नुवारा एलियाची अशोकवाटिका, सीता अम्मनचं देऊळ. सगळ्यांच्या गळ्यात सारख्या रंगाची ओळखपत्रं, बायकांच्या हातात चिवड्याचे डबे. टूरचा पोरगा फायली घेऊन पुढं: बावीस पासपोर्ट, बावीस ईटीए. एकवीस जुळले.

बाविसावे एक निवृत्त मास्तर. ईटीएवरचा नंबर त्यांच्या जुन्या पासपोर्टचा. ऑगस्टात त्यांनी पासपोर्ट नवा केला, टूरवाल्याकडं झेरॉक्स मात्र जुन्याची होती. भारतीय पासपोर्टचा नंबर एक अक्षर आणि सात आकडे, आणि परवानगी त्या नंबराला मिळते, माणसाला नाही. मास्तरांना हे पटेना.

‘माणूस तोच आहे ना?’

‘माणूस तोच आहे सर. वही नवीन आहे.’

मास्तरांना वहीची भाषा कळली. नवीन वहीत जुन्या वहीचे मार्क धरत नाहीत, हे त्यांनी चाळीस वर्षं मुलांना सांगितलं असेल. टूरच्या पोरानं तिथंच मोबाइलवर नवा अर्ज भरला. वीसेक मिनिटांत ई-मेल आला. तोवर बाकीचे एकवीस जण आत जायला तयार नव्हते. बोर्डिंग पास हातात घेऊन सगळे मास्तरांभोवती उभे. एका काकूंनी मला चिवडा दिला. ड्यूटीवर घेता येत नाही म्हटलं, तर पुडी टेबलाच्या कडेला ठेवून गेल्या.

६.४०

धुकं उतरलं ते बरोबर धावपट्टीवर. काचेतून बाहेर विमानांच्या शेपट्या तेवढ्या दिसतात. सिंगापूरचं विमान अजून यायचंय, म्हणून पंधरा मिनिटं सुटका. मागच्या खोलीत फिल्टर कॉफी आणि काकूंचा चिवडा.

नवीन आलेल्या मुलीनं विचारलं, ‘अक्का, तुमच्या हातून कधी सुटलंय का?’

सुटलंय. माझं पहिलं वर्ष. देनपसारला निघालेला एक मुलगा, पाच मित्रांबरोबर. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचं एक टोक सुटलं होतं, कुणीतरी ते पारदर्शक टेपनं नीट चिकटवलेलं. पँटबरोबर मशीनमध्ये गेला होता, म्हणाला. मागच्याच महिन्यात ह्याच पासपोर्टवर दुबई करून आला होता, शिक्काही दाखवला. मित्र मागून म्हणत होते, ‘स्वल्प ॲडजस्ट माडी, मेडम.’ बंगळुरात ह्या वाक्यावर बसमधली जागा मिळते, लग्नाच्या पंक्तीतलं पान मिळतं. मीही ॲडजस्ट केलं.

इंडोनेशियावाले फाटक्या पासपोर्टला अजिबात ॲडजस्ट करत नाहीत. मुलगा देनपसारला उतरला, एक रात्र विमानतळावरच्या खोलीत बसला आणि परतीच्या विमानानं आला. आमच्या भाषेत अशा प्रवाशाला ‘इनॅड’ म्हणतात, प्रवेश नाकारलेला. कंपनीला दंड झाला, मला मेमो मिळाला. तो परत आला तेव्हा मी ड्यूटीवर होते. त्याला माझा राग नव्हता, ते जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, ‘तुम्ही इथंच थांबवलं असतंत तर मी घरी जेवलो असतो.’

तेव्हापासून मी पासपोर्ट हातात घेतला की आधी अंगठ्यानं शिवण बघते. मग पानांच्या कडा, मग फोटो, मग तारीख. नाव सगळ्यात शेवटी.

७.३०: सिंगापूर

सिंगापूरचं उत्तर सरळ आहे: भारतीयाला व्हिसा लागतो, आधी काढावा लागतो. त्यामुळं इथं ‘ना’ लावणारे कमी. पण हे उत्तर अर्धंच. व्हिसा असला तरी पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत ‘एसजी अरायव्हल कार्ड’ ऑनलाइन भरायचं. इथली माणसं मला दोनच वाक्यं ऐकवतात. ‘व्हिसा आहे, मग कार्ड कशाला?’ किंवा ‘कार्ड भरलंय, मग व्हिसा कशाला?’

आज एका गृहस्थांनी दोन्ही आणलं होतं, शिवाय कार्डाची पावती. चौघांचे मिळून काही हजार रुपये.

‘हे कार्ड फुकट असतं सर,’ असं मी म्हणायला नको होतं. सरकारी पानासारखं दिसणारं, शोधल्यावर सगळ्यात वर येणारं दुसरंच कुठलं तरी पान त्यांनी उघडलं होतं. त्यांच्या बायकोनं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की सिंगापूरचे पाच दिवस कसे जातील ते मला दिसलं. कार्ड मात्र खरं निघालं.

मग एक बाई, पन्नाशीच्या. पासपोर्ट मॉरिशसचा. टेबलावरच्या कागदावर मी शेजारणीसाठी मराठीत काहीतरी खरडलं होतं, ते त्यांनी सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही मराठी?’ उच्चार वेगळा, शब्द स्वच्छ. पणजोबा रत्नागिरीकडचे, असं घरात सांगतात म्हणाल्या. मुलगा बंगळुरात शिकतो, त्याला भेटून सिंगापूरला लेकीकडं निघाल्या होत्या.

टायमॅटिकमध्ये टाकलं: मॉरिशसच्या नागरिकाला सिंगापूरला व्हिसा लागत नाही. त्यांच्या पणजोबांच्या गावातल्या माणसाला लागतो. मॉरिशसच्या बेटावर मजूर म्हणून गेलेल्यांना कुणी व्हिसा विचारला नव्हता. करारावर अंगठा घेतला होता आणि पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरल्यावर नंबर दिला होता. त्या धक्क्याला आज आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून तो जागतिक वारसा आहे. पुढं १८६० च्या दशकात तिथल्या जुन्या मजुरांना स्वतःचा फोटो लावलेलं तिकीट खिशात बाळगावं लागलं. आपण ज्याला पासपोर्टचा फोटो म्हणतो, तो त्या उसाच्या मळ्यांत साहेबापेक्षा आधी मजुराला लागला. मी कार्ड तपासलं, पासपोर्ट परत दिला. ‘येते हं,’ म्हणाल्या. ‘जाते’ नाही म्हणाल्या.

९.०५: देनपसार

बालीचं उत्तर: व्हिसा लागतो, पोचल्यावर मिळतो, पण फुकट नाही. पाच लाख रुपया. हा आकडा ऐकून माणसं दचकतात. त्यांचा रुपया हा, आपल्या पैशात तीन हजाराच्या आसपास. ३० दिवसांचा व्हिसा, एकदा वाढवून मिळतो. आधी ऑनलाइनही काढता येतो. शिवाय १४ फेब्रुवारी २०२४ पासून बाली प्रांताचा, त्यांच्याच दीड लाख रुपयांचा, पर्यटक कर वेगळा. हे पैशांचं झालं. पासपोर्टची मुदत मात्र पोचल्या दिवसापासून सहा महिने हवी, आणि ह्यात ॲडजस्ट काही नाही.

पुण्याचं कुटुंब, नोकरीनिमित्त व्हाइटफील्डला. आई, वडील, बारा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. त्याच्या डोक्यावर आत्ताच समुद्रावरची टोपी. पहिले तीन पासपोर्ट झाले. चौथा उघडला, अंगठा तारखेवर आला.

१२ जून. आज २७ डिसेंबर. सहा महिन्यांना पंधरा दिवस कमी.

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलांचा पाच वर्षांचा. आईबाप स्वतःची तारीख बघतात, ती असते २०३१ ची, आणि निर्धास्त होतात. एक वर्षाचा असताना काढलेलं पुस्तक मुलाबरोबर वाढत नाही, हे कुणाच्या लक्षात येत नाही. महिन्यातून दोनतीनदा तरी हे होतं.

वडील म्हणाले, ‘अहो, व्हिसा ऑन अरायव्हल आहे ना? मग तिथं गेल्यावर बघू की.’

‘ऑन अरायव्हल म्हणजे पोचल्यावर. त्याला पोचू द्यायचं की नाही, हे मला इथं बघावं लागतं.’

ते चिडले. आवाज चढला. त्यांच्या जागी मी असते तर माझाही चढला असता. चार तिकिटं, सात रात्रींचं हॉटेल. मी ड्यूटी मॅनेजरांना बोलावलं, त्यांनी देनपसारच्या स्टेशनला विचारलं, उत्तर आलं ते मला माहीतच होतं. बारा वर्षांच्या मुलीनं हळूच विचारलं, ‘आम्ही तिघं गेलो तर?’ आणि आईच्या चेहऱ्याकडं पाहून लगेच म्हणाली, ‘नको.’

पुढची दहा मिनिटं माझ्या कामात मोडत नाहीत, पण मी तीच खरी धरते. त्यांना बाजूला बसवलं. कोऱ्या कागदावर लिहून दिलं: तात्काळमध्ये अर्ज, मुलाचा जुना पासपोर्ट, दोघा पालकांच्या पासपोर्टच्या प्रती, पालकांचं संमतिपत्र. पासपोर्ट सेवा केंद्र तुमच्या घराजवळचं, मराठहळ्ळीला. आधी वेळ घ्या, मग तिकिटांची तारीख बदला. उलट करू नका. नवा पासपोर्ट आला की आधी नंबर बघा, हॉटेलच्या आणि फॉर्मच्या कागदांवर तो नंबर बदला. वडिलांनी कागद घेतला, घडी घातली, काही बोलले नाहीत. मुलगा म्हणाला, ‘टोपी काढू?’ मी म्हटलं, ‘राहू दे.’

१०.५०

काउंटर बंद. सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं, एक मिनिटही पुढं नाही. मी गेटवर जाते, मोजणी जुळवते. चार जागा रिकाम्या. त्यांचं सामान चढलंच नव्हतं, त्यामुळं उतरवायचं काम नाही. धुकं विरलंय, नंदीच्या डोंगराची कड स्वच्छ दिसते.

११.३०

अहवाल. आज चार विमानं, चार ‘ऑफलोड’. चारही एकाच कुटुंबाचे. कारणाच्या रकान्यात लिहायचं: ‘पासपोर्टची मुदत अपुरी’. टोपीसाठी रकाना नाही.

मॅनेजर म्हणाले, ‘तुझ्या हातून कुणी परत येत नाही बघ हल्ली.’ हे कौतुकच आहे. पण माझ्या हातून परत न येण्यासाठी त्यांना आधी माझ्यापासून परत जावं लागतं.

आम्हा निपाणीकरांना दोन्ही बाजूंनी उभं राहायची सवय आहे. एरवी निपाणीहून कागलला भाजी आणायला जावं तसं जातो, मधे राज्याची सीमा लागते हे ध्यानातही नसतं. २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात त्याच रस्त्यावर, कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागायला लागले. काकाच्या अंत्यदर्शनाला कोल्हापूरला गेलेले बाबा परत येताना तिथं चार तास उभे होते. रिपोर्ट होता, बहात्तर तासांपेक्षा जुना झाला होता. नाक्यावरचा पोलीस आमच्याच भागातला. तो बाबांना म्हणाला, ‘काका, मला कळतंय हो. पण कागद.’ मी रांगेत कुणाला नाही म्हणते तेव्हा तो पोलीस आठवतो. ‘मला कळतंय’ हा शब्द त्यानं वगळला नव्हता. मीही वगळत नाही.

दुपारी १.००

देवनहळ्ळी. बसस्टँडजवळच्या हॉटेलात इडली-वडा आणि दिवसातली तिसरी कॉफी. बाहेर हातगाडीवर चक्कोत्यांचा ढीग, नारळाएवढी पिवळट फळं. देवनहळ्ळीच्या ह्या फळाला भौगोलिक मानांकन आहे. गाडीवाला एक फोडून गुलाबी फोडी विकतो. अर्धा घेतला.

खोलीवर येऊन मोबाइल बघते तर निपाणीहून मावशीचा आवाजी निरोप. तिचं भजनी मंडळ फेब्रुवारीत कोलंबोला निघालंय, रामायण यात्रा. ‘अगं, आमच्या टूरवाल्यानं सांगितलंय, फक्त पासपोर्ट द्या, बाकी काही नको. श्रीलंकेला व्हिसा लागत नाही ना?’

मी उशीला टेकून तिला तीन मिनिटांचा निरोप पाठवला. ईटीए म्हणजे काय. तो व्हिसा नाही पण व्हिसासारखाच कसा. पासपोर्टची मुदत सहा महिने. नंबर नव्या पासपोर्टचा. नाव पासपोर्टवर जसं आहे तसं, काकांचं नाव मधे असेल तर मधेच. परतीचं तिकीट. टूरवाल्यानं भरलेला फॉर्म स्वतःच्या डोळ्यांनी बघ. सगळं सावकाश, दोनदा.

दोन मिनिटांनी मावशीचं उत्तर आलं. ‘हो, हो, कळलं सगळं. म्हणजे लागत नाही ना?’

मी लिहिलं, ‘पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा फोटो पाठव.’

मावशीनं लगेच पाठवला. स्वच्छ उजेडात, देवघराच्या पायरीवर ठेवून काढलेला. नाव दिसतंय, नंबर दिसतोय, जन्मगाव दिसतंय. मुदतीच्या तारखेवर मावशीचा अंगठा.